बुटांना लागलेले वाळवंट

समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली, डेथ व्हॅलीतील बॅडवॉटर या ठिकाणी, वाहनतळाच्या कडेला मी चिंगीचा पट्टा मनगटाला गुंडाळून उभी होते, आणि माझा नवरा समोरच्या पांढऱ्या मिठावरून चालत चालत करंगळीएवढा झाला होता. उत्तर अमेरिकेतील ही सर्वांत खोल जमीन. लोक इथे येतात ते त्या मिठावर चालायला, आणि नेमकी तिथेच कुत्र्यांना बंदी आहे. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या होत्या: एकाने जायचे, दुसऱ्याने चिंगीजवळ थांबायचे. आपली पाळी येईपर्यंत काय करायचे म्हणून मी मिठाकडे पाठ करून मागच्या कड्याकडे पाहू लागले, तर खूप उंचावर, खडकात बसवलेली एक पांढरी पाटी दिसली. समुद्राची पातळी इथे आहे, एवढेच तिच्यावर लिहिलेले आहे. ती वाचण्यासाठी मान पार मागे टाकावी लागते, आणि आपण अठ्ठावीस मजली इमारतीएवढ्या पाण्याच्या तळाशी उभे आहोत हे लक्षात आल्यावर उगीचच श्वास रोखून धरावासा वाटतो. नवरा परत आला तेव्हा कळले की त्याने ती पाटी पाहिलीच नव्हती. मिठावर चालणारा माणूस मिठाकडे पाहतो.

चिंगीला पाटीचे सोयरसुतक नव्हते. तिने त्याच्या बुटांना नाक लावले, आणि डाव्या टाचेपासून सुरुवात करून, पोथीतली एकही ओवी गाळायची नाही अशा निष्ठेने दोन्ही बुटांची शिवण न् शिवण हुंगून काढली. शेवटी तळव्याला लागलेले मीठ चाटून पाहिले आणि शिंकली. मग माझी पाळी आली. मी गेले, परतले, आणि माझ्याही बुटांचे तेच झाले. पुढे सबंध प्रवासभर हा परिपाठ चालू राहिला. जिथे तिला जाता येत नव्हते तिथली खबर तिने आमच्या पायांकडून काढून घेतली.

आम्ही सॅन होजेला राहतो. मुलगी शिकायला दूर गेल्यापासून घरात आम्ही दोघे आणि गुळाच्या ढेपेच्या रंगाची ही अकरा वर्षांची चिंगी. फेब्रुवारीत बारा दिवसांची सुटी काढून गाडीने वाळवंटी राष्ट्रीय उद्याने पाहायची ठरली: डेथ व्हॅली, जोशुआ ट्री, सग्वारो, व्हाइट सँड्स, पेट्रिफाइड फॉरेस्ट आणि परतताना ग्रँड कॅनियन. एकूण 4,000 किलोमीटरांहून जास्त. साताऱ्याहून आईचा फोन आला तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो चिंगीचा. "अगं, म्हातारी झाली ती. त्या रखरखाटात कशाला नेताय तिला? तुम्ही जा की दोघं." मी सांगितले की मागच्या खेपेला तिला सांभाळायला ठेवले होते, तर चार दिवस तिने अन्नाला शिवले नाही. आई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "तुझे बाबा वारीला गेले की आपली तांबू वैरणीला तोंड लावायची नाही, तसंच." विषय तिथेच मिटला.

रखरखाटाचे म्हणाल, तर फेब्रुवारी हा महिना त्यासाठीच निवडला होता. याच डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीक येथे 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आहे. तो आजही जगातील अधिकृत उच्चांक मानला जातो. उन्हाळ्यात तिथल्या डांबरावर कुत्र्याचे पाय भाजून निघतात. हाताची उलटी बाजू रस्त्यावर काही सेकंद टेकवून पाहावी आणि ती टेकवत नसेल तर कुत्र्याला चालवू नये, ही साधी कसोटी आम्हाला ठाऊक होती. खबरदारी म्हणून तिच्यासाठी चार बूटही घेतले होते. ते घातल्यावर ती तापल्या तव्यावर उभे केल्यासारखी एकेक पाय उचलून झटकू लागली, म्हणून ते बूट पूर्ण प्रवासभर डिकीत राहिले.

नियमाबद्दल सांगायला हवे, कारण आमचा प्रवास त्यानेच आखला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ढोबळमानाने जिथे मोटार जाते तिथेच कुत्रा जाऊ शकतो: रस्ते, वाहनतळ, तंबूंच्या जागा, डबा खायला मांडलेली बाके. पट्टा 6 फुटांहून लांब चालत नाही. पायवाटा, म्हणजे ज्यांच्यासाठी माणसे हजारो मैलांवरून येतात त्या वाटा, बहुतेक ठिकाणी बंद असतात. कारणे पटण्यासारखी आहेत. पाळीव असला तरी रानातल्या सशाच्या किंवा हरणाच्या लेखी कुत्रा हा शिकारीच असतो, आणि तो निघून गेल्यावरही त्याचा वास मागे राहतो. शिवाय रोग इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जातात, आणि कोल्ह्यासारख्या दिसणाऱ्या कायोटीला किंवा खुळखुळ्या सापाला आपल्या चिंगीचे कौतुक असण्याचे काही कारण नाही. हे सगळे मान्य करूनही, ज्या वाटेसाठी वर्षभर वाट पाहिली तिच्या तोंडाशी कुत्र्यावर आडवी रेघ मारलेले चित्र दिसले की मन खट्टू होतेच. मला नियम योग्यही वाटतो आणि जाचकही वाटतो, आणि बारा दिवसांत त्या दोन भावनांची तडजोड काही झाली नाही.

पण मोटारीला मोकळे असलेले कच्चे रस्ते कुत्र्यालाही मोकळे असतात, ही पळवाट आम्ही दुसऱ्याच दिवशी शोधली. डेथ व्हॅलीत 'ट्वेंटी म्यूल टीम कॅनियन' नावाचा सुमारे सव्वाचार किलोमीटरचा एकेरी कच्चा रस्ता पिवळ्या, भुसभुशीत टेकड्यांमधून वळसे घेत जातो. गाडीतून पाहणारे तो वीस मिनिटांत उरकतात; आम्ही सकाळी सातला चिंगीला घेऊन पायी निघालो आणि परतायला दहा वाजले. 1880 च्या दशकात या दरीतून टाकणखार वाहून नेणाऱ्या गाड्यांना खेचरांच्या लांबच लांब रांगा जुंपलेल्या असत, त्यांच्यावरून हे नाव पडले. म्हणायला वीस खेचरे, पण प्रत्यक्षात अठरा खेचरे आणि मागे दोन घोडे; मोहावी या रेल्वे स्थानकापर्यंतचे अंतर 165 मैल, आणि मागच्या चाकांची उंची पुरुषभर. आमची आजी घरातल्या तव्यावर फुलवलेला टाकणखार तोंड आल्यावर मधातून लावायची. त्या पांढऱ्या पुडीचे एक माहेर असेही असू शकते, हे त्या पिवळ्या टेकड्यांत मला प्रथमच जाणवले.

वाळवंटात कुत्र्याची तहान दिसत नाही, हेही तिथेच कळले. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो, आणि कोरड्या हवेत जिभेवरचा ओलावा क्षणात उडून जातो. चिंगी मात्र नव्या वासांत इतकी गुंतलेली की भांडे पुढे केले तरी पाणी प्यायला थांबेना. ती पुढे आणि रबरी वाटीतले पाणी हिंदकळत मी मागे, असे आमचे ध्यान पाहून नवरा म्हणाला, "नामदेव महाराज, तूप कुठंय?" पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्याच्या मागे, कोरडी खाऊ नकोस म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांना निदान एवढे सुख होते की कुत्र्याला ती पोळी तरी हवी होती. (याच प्रवासात, ओळखीच्या किमान चार जणांनी धर्मराज आणि त्याच्या कुत्र्याची गोष्ट फोनवर पाठवली. गोष्ट उत्तम आहे, पण ज्यांचा शेवट स्वर्गात होतो अशा प्रवासांशी आमच्या प्रवासाची तुलना होऊ नये, असे मला मनापासून वाटत होते.)

जोशुआ ट्रीमध्ये आम्ही एकच दिवस होतो. तिथे कुत्र्याला रस्त्यापासून 100 फुटांपलीकडे नेता येत नाही. हातवारे करणाऱ्या केसाळ माणसांसारखी ती झाडे, खरे तर युक्का जातीची आणि एका विशिष्ट पतंगाशिवाय फळ न धरणारी, रस्त्यालगतही पुष्कळ आहेत. वारा इतका बोचरा होता की आम्ही तिघेही गाडीतच बसून राहिलो.

अॅरिझोनातील टूसाँ शहराच्या दोन्ही अंगांना सग्वारो उद्यान पसरलेले आहे. सग्वारो म्हणजे तो चित्रातला, हात वर केलेला निवडुंग. त्याला पहिला हात फुटायलाच 50 ते 75 वर्षे लागतात. पाऊस पडला की त्याच्या अंगावरच्या उभ्या घड्या बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या उलगडतात आणि तो पाणी भरून घेतो. इथे दोन छोट्या फरसबंद वाटांवर कुत्र्यांना परवानगी आहे, आणि त्या इतक्या छोट्या आहेत की एरवी मी त्या म्हाताऱ्यांसाठी म्हणून सोडूनच दिल्या असत्या. अकरा वर्षांच्या चिंगीच्या गतीने अर्धा मैल चालायला पाऊण तास लागला. तिच्या प्रत्येक थांब्याशी मलाही थांबावे लागले, आणि सग्वारोच्या बुंध्याशी, आपल्याकडे शेताच्या कुंपणाला असतो तोच फड्या निवडुंग मला दिसला. लहानपणी साताऱ्याजवळच्या माळावर मी तो इतका पाहिला होता की तो आपलाच असे गृहीत धरले होते. तो मूळचा अमेरिकेचा; आपल्याकडे तो परदेशातून येऊन स्थायिक झाला, आणि मी त्याच्या देशात येऊन स्थायिक झाले. आमची ही फिटंफाट तेवीस वर्षे माझ्या लक्षात आली नव्हती.

आपत्ती आली ती वाटेवर नव्हे, तर डबा खाण्याच्या बाकापाशी. तिथे चोया नावाचा एक निवडुंग असतो. त्याचे लिंबाएवढे काटेरी गोळे झाडावरून गळून जमिनीवर पडलेले असतात आणि जरा धक्का लागला की अंगाला असे चिकटतात की त्यांनी उडी मारली असे लोक म्हणतात. चिंगीच्या पुढच्या पंजाला एक गोळा चिकटला. ती किंचाळली आणि तो काढायला तिने तोंड खाली नेले. नवऱ्याने तिचा जबडा धरला, मी बोटांनी गोळा उपटायला गेले आणि तो माझ्या अंगठ्यालाही लागला. काट्यांना सूक्ष्म उलटी दाती असते, त्यामुळे आत जाणे सोपे आणि बाहेर येणे कठीण. शेजारच्या बाकावरचे एक आजोबा शांतपणे उठून आले आणि त्यांनी विचारले, फणी आहे का? माझ्या पर्समध्ये मोठ्या दातांची फणी होती. त्यांनी ती गोळा आणि कातडी यांच्यामध्ये सरकवली आणि एका झटक्यात गोळा दूर उडवला. उरलेले नऊ काटे आम्ही चिमट्याने काढले. या वाळवंटात राहणारा माणूस पाकीट विसरेल, पण फणी विसरणार नाही, असे ते म्हणाले. त्यांच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

त्यानंतर दोन दिवस चिंगी जमीन हुंगण्याआधी क्षणभर थांबे. म्हणूनच न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्समध्ये जे झाले ते मला इतके लख्ख आठवते. हे उद्यान 2019 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि पट्टा बांधलेला असेल तर इथे कुत्र्याला टेकड्यांवर कुठेही जाता येते. सुमारे 275 चौरस मैलांचा हा पांढरा प्रदेश म्हणजे नेहमीची वाळू नव्हे, जिप्सम आहे. जिप्सम पाण्यात विरघळते, त्यामुळे एरवी नद्या ते समुद्राला नेऊन देतात आणि त्याची वाळू होत नाही. पण या खोऱ्यातून पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. डोंगरांतून विरघळून आलेले जिप्सम तळ्यात साठते, पाणी उडून जाते, स्फटिक उरतात, वारा त्यांचा चुरा करतो. आपल्याकडे भुईमुगाला आऱ्या सुटताना शेतकरी जे पोत्यांनी टाकतात ते हेच, आणि भट्टीत तापवून त्यातले पाणी घालवले की गणपतीच्या मूर्तींसाठी वापरतात ते प्लास्टर तयार होते. नवऱ्याने मूठभर वाळू हातात घेऊन आजूबाजूला नजर फिरवली आणि म्हणाला, "किती गणपती होतील गं यात?" तिथून काहीही उचलून न्यायला बंदी आहे हे मी त्याला सांगितले, त्याचा हिशेब तरी चालूच राहिला.

जिप्सम तापत नाही. भर दुपारीही त्यावर अनवाणी चालता येते. गाडीतून उतरताना चिंगीने आधी एक पंजा टेकवला, मागे घेतला, पुन्हा टेकवला. मग बहुधा या जमिनीला काटे नाहीत आणि चटकाही नाही हे तिला उमजले असावे, कारण अकरा वर्षांची ती संधिवाताची म्हातारी 6 फुटी पट्ट्यासकट मला फरफटत पहिल्या टेकडीवर घेऊन गेली, वर पोचताच पाठीवर पडून लोळली, आणि चारी पाय आकाशाकडे करून तशीच राहिली. आम्ही तिथे चार तास होतो. एकही ठरलेली वाट नाही, एकही आडव्या रेघेचे चित्र नाही. बर्फात असल्यासारखे वाटत होते, पण थंडी नव्हती; आणि मागे वळून पाहिले की तीन जणांच्या पावलांच्या तीन ओळी.

त्या पावलांवरून मला राहून राहून दुसऱ्या पावलांची आठवण येत होती. याच उद्यानातल्या वाळलेल्या तळ्याच्या मातीत माणसांच्या पावलांचे ठसे सापडले आहेत, आणि त्यांतले काही 21,000 ते 23,000 वर्षांपूर्वीचे असल्याचे संशोधन 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत एक ओळ अशी आहे की कोणी एक, बहुधा तरुण स्त्री, कडेवर लहान मूल घेऊन चिखलातून भराभर चालत गेली आहे. मधूनच मुलाला खाली ठेवल्याच्या खुणा आहेत, आणि मग तीच पावले मुलाविना परत आली आहेत. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात त्या ओळीवरून एक प्रचंड हत्ती गेला. त्याने पावलांची दखल घेतली नाही. जमिनीवरून चालणारा एक महाकाय स्लॉथही तिथे आला. त्याने मात्र पावले घुटमळवली आणि वर्तुळात फिरला. मागच्या पायांवर उभे राहून त्याने हवेत वास घेतला असावा, असे संशोधक म्हणतात. म्हणजे कोणी एका प्राण्याने, त्या बाईची पावले हुंगून, ती पुढे कुठे आहे याचा अंदाज घेतला. आपण हे ठसे डोळ्यांनी वाचतो. त्याने ते चिखल ओला असताना नाकाने वाचले होते. ही गोष्ट मी याआधीही वाचली होती, पण चिंगी माझ्याच पावलांच्या ठशात नाक घालून पुढच्या ठशाकडे जाताना पाहिली तेव्हा ती पहिल्यांदा खरी वाटली.

संध्याकाळी लास क्रूसेसकडे परतताना सीमेवरच्या गस्ती पथकाची चौकी लागते. आमचे कागद पाहिले जात असताना तिथला तरबेज कुत्रा गाडीभोवती फिरला आणि मागच्या काचेपाशी थांबला. चिंगीने काचेला नाक लावले. पांढऱ्या पिठात लोळून आलेली ती त्याला काय सांगत होती कोण जाणे. अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू आले आणि आम्हाला पुढे जायची खूण झाली.

पुढचा दिवस नुसता गाडी चालवण्यात गेला. वाटेत सोकोरोच्या पश्चिमेला, मोकळ्या पठारावर, रेडिओ दुर्बिणीच्या 27 पांढऱ्या तबकड्या दिसल्या आणि नारायणगावजवळच्या खोडदच्या तबकड्यांची आठवण निघाली. खोडदला तबकड्या 30 आहेत आणि आकारानेही मोठ्या आहेत, हे नवऱ्याने मला, आणि नंतर पुन्हा चिंगीला, अभिमानाने सांगितले.

पेट्रिफाइड फॉरेस्टला जाण्याचा सल्ला आम्हाला कोणीही दिला नव्हता. कुत्र्यांना फरसबंद पायवाटांवर सर्रास परवानगी असलेले उद्यान, एवढ्याच कारणासाठी मी ते यादीत घातले होते. 20 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथे नद्या होत्या, उंच झाडे होती. उन्मळून पडलेले ओंडके गाळात आणि ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले, राखेतली सिलिका पाण्यात विरघळून लाकडात झिरपली, आणि लाकूड जाऊन त्याच्या जागी गारगोटी आली. लोहामुळे तांबडा आणि पिवळा रंग, साल आणि गाठी जशाच्या तशा. करवतीने कापल्यासारखे त्यांचे सरळ तुकडे पडलेले आहेत; गारगोटी ठिसूळ, म्हणून जमीन उचलली गेली तेव्हा ओंडके तडकले. चिंगी पहिल्या ओंडक्यापाशी नेहमीच्या उत्साहाने गेली. तिने त्याला नाक लावले, बाजूने फिरली, पुन्हा नाक लावले, आणि माझ्याकडे पाहिले. मला सालीपर्यंत सगळे झाड दिसत होते, आणि तिच्या लेखी तिथे झाड नव्हते. दुसऱ्या ओंडक्यापाशी ती थांबलीसुद्धा नाही.

या दगडांचे तुकडे खिशात घालून नेणारे लोक पुष्कळ असतात. त्यांतल्या काहींचा संसार, नोकरी किंवा तब्येत पुढे बिघडते, आणि मग ते क्षमायाचनेचे पत्र लिहून तो तुकडा टपालाने परत पाठवतात. अशी पत्रे तिथल्या संग्रहालयात मांडलेली आहेत. पण तुकडा नेमका कुठला होता हे कळायला मार्ग नसल्याने तो पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. परत आलेल्या दगडांचा एक वेगळा ढीगच आहे. साडेसाती दगडाला चिकटते ही समजूत पाहून मला अगदी घरी आल्यासारखे वाटले. निघताना आम्ही चिंगीच्या पंजांमधले केस विंचरून खडे काढले आणि जागेवर टाकले. नियम म्हणून की साडेसातीला भिऊन, हे आम्ही एकमेकांना विचारले नाही.

तिथल्या कार्यालयात कुत्र्यांना शपथ देतात: मालकाने घाण उचलावी, पट्टा सोडू नये, रानातल्या जिवांपासून लांब राहावे, परवानगी असेल तिथेच जावे. तरुण वनरक्षक मुलीने चिंगीला इंग्रजीत बसायला सांगितले. चिंगी उभीच. तिला इंग्रजी येत नाही, असे मी ओशाळून सांगितले आणि "बस" म्हटले, चिंगी बसली. मग त्या मुलीने तो शब्द तीनदा घोकून अगदी शुद्ध उच्चारला, आणि चिंगी, आधीच बसलेली असल्यामुळे, आडवी झाली.

ग्रँड कॅनियनला पोचलो तेव्हा दक्षिण काठावर वीतभर बर्फ होते. काठाकाठाने जाणाऱ्या वाटेवर कुत्र्यांना जाता येते, काठाखाली नाही. त्या दृश्याबद्दल मी लिहिणार नाही. ते लिहून झालेले आहे. 19 व्या शतकात क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने आतल्या सुळक्यांना विष्णू आणि शिव यांची नावे दिली आणि पुढे ब्रह्मा, राम, कृष्णही आले. नकाशावर बोट फिरवत मी दत्त आणि खंडोबा शोधले, कारण कुत्रे पाळणारे आमचे देव हे दोघे. पण डटनसाहेबांपर्यंत त्यांची कीर्ती पोचलेली दिसली नाही. चिंगी एक मैलभर खोल दरीकडे पाठ करून, बर्फाखालच्या कुठल्याशा बिळाशी खुडबुड करत होती.

दुपारी माझी पाळी होती. ब्राइट एंजल वाटेने मी तासभर खाली उतरले आणि दीड तास धापा टाकत वर आले. खेचरे याच वाटेने ये-जा करतात, त्यामुळे बर्फ, तांबडा चिखल आणि लीद यांचा लगदा बुटांना घोट्यापर्यंत लागला होता. वर नवरा आणि चिंगी एका बाकापाशी उन्हात बसले होते. तो म्हणाला, "कसं होतं गं?" मी दम खात हाताने नुसतीच खूण केली. चिंगी उठली, अंग ताणले, आणि माझ्या डाव्या टाचेपासून सुरुवात केली. या वेळी तिला फार वेळ लागला. मी बाकावर बसले, तिला सोपे जावे म्हणून पाय पुढे केला, आणि तिचे होईपर्यंत हलले नाही.